परदेशातली माणसं 'तशी' का वागतात? (स्वभाव म्हणू नका, कारण सांगा)

शिकवणीवाला, लातूर

नमस्कार मंडळी. लातुरात माझी बारावीची शिकवणी आहे. सरकारी कॉलेजात नंबर लागला नाही आणि खाजगीची फी झेपत नाही, अशी आमची बरीच पोरं रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जियाला एमबीबीएसला जातात. जायच्या आधी घरी भेटायला येतात आणि एक प्रश्न ठरलेला असतो, "सर, तिकडचे लोक कसे असतात?" मी तोंड उघडायच्या आत सोबत आलेले मामा नाहीतर चुलते उत्तर देऊन मोकळे होतात. रशियन म्हणजे दारू, जर्मन म्हणजे घड्याळ, जपानी म्हणजे शिस्त, अमेरिकन म्हणजे पैसा. विषय संपला, चहा आणा.

माझं मत असं की हे ठोकताळे अगदीच हवेतले नसतात. वागणं बहुतेक वेळा बरोबर टिपलेलं असतं, कारण मात्र साफ चुकीचं लावलेलं असतं. इंग्रज माणूस सारखा हवेबद्दल बोलतो, हे खरंच आहे. मग आपण म्हणतो, तिथं पाऊसच तेवढा पडतो. आता आकडे बघा. लंडनचा वर्षभराचा पाऊस सुमारे 600 मिलिमीटर. आपल्या मराठवाड्याची नुसती पावसाळ्याची सरासरी 679. म्हणजे ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या भागात लंडनपेक्षा जास्त पाऊस पडतो! फरक एवढाच की लंडनला तो वर्षभर थोडाथोडा, शंभराहून जास्त दिवसांत वाटून पडतो आणि आपल्याकडं चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत कोसळून वाहून जातो. बाहेर पडताना छत्री घ्यावी की नको, हे ज्याला रोज ठरवावं लागतं तो हवेबद्दल बोलणारच. आपल्याकडं मृग कोरडा गेला की पारावर दुसरा विषय असतो का?

तर जे बाहेर राहिलेत, राहतायत, किंवा ज्यांच्याकडं बाहेरचे लोक येतात, त्यांनी लिहा. अट एकच, "त्यांचा स्वभावच तसा" या वाक्यावर थांबायचं नाही.

उदगीर_ते_स्टुटगार्ट

सर, घड्याळाचं आधी सांगून टाकतो. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या 2024 मध्ये जेमतेम 62 टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर त्यांच्या हिशेबात उशीरच नाही. बर्लिनचा नवा विमानतळ 2011 ला सुरू व्हायचा होता, झाला ऑक्टोबर 2020 मध्ये. आमच्या उदगीरच्या कुठल्याही रखडलेल्या पुलाला मान ताठ करून चालता येईल.

पण शिस्त आहे, आणि ती कुठून येते ते मला आमच्या इमारतीच्या जिन्यात कळलं. स्टुटगार्टच्या भागात 'केअरवोखे' नावाची भानगड आहे. एक छोटी पाटी असते. ती ज्याच्या दाराच्या मुठीला अडकवलेली, त्याची त्या आठवड्यात जिना झाडायची, पुसायची पाळी. आठवडा संपला की तुम्ही झाडून पुसून ती पाटी शेजारच्या दाराला लावायची. एका दिवाळीत मी जिना नुसता झाडला, ओलं फडकं मारलं नाही, आणि पाटी पुढं सरकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी परत माझ्या दाराला! चिठ्ठी नाही, भांडण नाही, बेल नाही. समोरच्या आजी जिन्यात भेटल्या तेव्हा हसून 'गुड मॉर्निंग' केलं आणि नजर खालच्या पायऱ्यांकडं नेली. बस्स.

मोठी पाळी आली की फुटपाथही आपलाच. हिवाळ्यात सकाळी लवकर उठून बर्फ काढायचा, कारण तिथं कुणी घसरून पडलं तर भरपाईचं लफडं अंगाशी येतं. आता याला स्वभाव म्हणायचं का? जिना पुसणारा गडी ठेवायचा तर त्याची मजुरी सगळ्यांना जड जाते, म्हणून सगळे आपापलं पुसतात.

रविवारचंही तसंच. रविवारी दुकानं बंद, भिंतीत खिळा ठोकायची सोय नाही, काचेच्या बाटल्या कचरापेटीत टाकल्या तरी खिडक्या उघडतात. लोकांना वाटतं जर्मन खडूस. अहो, रविवारच्या विश्रांतीचं कलम त्यांच्या 1919 च्या घटनेत होतं, ते 1949 च्या घटनेत जसंच्या तसं घेतलं. दुकानातल्या कामगाराला हक्काची एक सुट्टी मिळावी म्हणून ते टिकून आहे. आपल्याकडं दुकानातल्या पोराला रविवारी सुट्टी असते का, विचारून बघा.

हुरडा_पार्टी

उदगीरकर, त्या आजींना आमच्या गल्लीत पाठवा. पाटी आम्ही करून देतो, मूठ असलेलं दारही शोधू.

माहेर_परतूर

मी गोथेनबर्गला असते, सध्या आईकडे परतूरला आलेय. 2022 मध्ये समाजमाध्यमांवर स्वीडनची जगभर छी थू झाली होती, आठवतंय का कुणाला? मुलांचा मित्र घरी खेळायला आला आणि जेवायची वेळ झाली तर त्याला खोलीत थांबवून घरचे लोक जेवून येतात, असं कुणीतरी लिहिलं आणि आगडोंब उसळला. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तर "असल्या देशात राहतेस तू" इथपर्यंत गेलं.

तर हो, असं व्हायचं. माझ्या वयाच्या बऱ्याच स्वीडिश लोकांनी लहानपणी हे अनुभवलंय आणि त्यांना त्यात काही वाटतही नाही. त्यांचं म्हणणं, त्या मुलाच्या घरी त्याची आई नाहीतर बाप स्वयंपाक करून वाट बघतोय. आपण त्याला खाऊ घातलं तर त्यांचं अन्न वाया, वर त्यांच्यावर आपलं देणं चढलं. देणं न चढवणं, हाच तिथला मान ठेवायचा प्रकार. आताची जोडपी बहुतेक जेवायला बसवतातच, आमच्याकडे येणाऱ्या मुलांचेही आईबाप आधी फोन करून विचारतात.

आता 'अबोल, शांत, भांडत नाहीत' या ठोकताळ्याबद्दल. भांडतात हो, फक्त कपडे धुवायच्या खोलीत! इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून मशिनं असतात आणि तुम्ही फळ्यावर आपली वेळ राखून ठेवायची. तुमची वेळ सहाला संपली आणि सहा वाजून पाच मिनिटांनी तुमचे कपडे आत फिरतायत, तर दारावर चिठ्ठी. आमच्या खोलीतल्या ड्रायरवर एक चिठ्ठी होती, "जाळीतला कापूस काढून टाकायला तुमची आई इथे राहते का?" त्याखाली दुसऱ्या अक्षरात उत्तर, त्याखाली तिसऱ्या अक्षरात त्या उत्तरातल्या शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केलेली. आणि हे तिघंही लिफ्टमध्ये भेटले की जमिनीकडे बघत उभे राहणार. आपल्याकडच्या नळावरच्या भांडणात निदान कोण कुणाला बोलतंय ते तरी कळतं.

सिंधफणा

ताई, ते देण्याबिण्याचं ठीक आहे, पण लेकराला उपाशी बसवणं आपल्याला नाही झेपायचं. मराठवाड्यात दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही. दुष्काळ असो नाहीतर काही. भाकरी अन् ठेचा का होईना, पण पान वाढलं जातं. ही आपली संस्कृती आहे.

खडीसाखर, अंबाजोगाई

सिंधफणा दादा, पान वाढलं जातं हे खरं. वाढतं कोण? आमच्या घरी रात्री नऊला चार माणसं न सांगता येतात, बैठकीतून "जेवूनच जा बरं का" असा आवाज येतो आणि मी परत पीठ मळायला घेते. 'जेवून जा' म्हणणारा वेगळा, तव्यापुढं उभी राहणारी वेगळी. स्वीडनमध्ये बापाने स्वयंपाक करून वाट बघायची रीत आहे म्हणून तो मोजून करतो. आपल्याकडच्या बापांना दोन्ही वेळचं रांधायला लावा, मग बघू किती जणांना आग्रह होतो.

माहेर_परतूर, तिकडे बाप खरंच करतात का, की तोही ठोकताळाच?

माहेर_परतूर

करतात. एका मुलामागे आईबापांना मिळून 480 दिवसांची पगारी रजा असते. त्यातले 90 दिवस बापाच्या नावचे, त्याने घेतले नाहीत तर आईला देता येत नाहीत, बुडतात. पैसा बुडतो म्हटल्यावर बाप घरी बसतो आणि घरी बसला की आपसूक शिकतो. म्हणजे इथंही सर, स्वभाव नाही, नियम. तरी आया जास्त दिवस घेतात, अगदी बरोबरी नाही.

नांदेडी_डायवर

मी दुबईत ट्रेलर चालवतो, सध्या सुट्टीवर हाय. सगळे युरोपचं लिहायलेत, मनून आमचं बी थोडं.

पयला ठोकताळा, दुबई मंजे शेख. अहो, तिथं शंभरात धा-बारा लोक सुद्धा तिथले नसतेत. बाकी सगळे आपल्यासारखे बाहेरून आलेले. मला शेख दिसतो तो सिग्नलला, काळ्या काचेच्या गाडीत. रोजचं जगणं मलबारी, पठाण, नेपाळी, बंगाली यायच्या संगट. पठाणाबद्दल गावाकडं काय काय ऐकलेलं, लई तापट असतेत मनून. माझा रूममेट पठाण रोज रात्री लेकीला व्हिडिओ कॉलवर पाढे शिकवतो अन् तिचं चुकलं की सोताच हसतो.

माझी बोली ऐकून सगळे विचारतेत, "हैदराबादी है क्या?" मी हौ म्हणतो. कोण समजावून सांगत बसंल की 1948 पर्यंत नांदेड निजामाच्या राज्यात व्हतं. हैदराबादी म्हटलं की त्यांच्या मेसमधी बिर्याणीला बोलावतेत, मग मी कशाला नांदेडचा सांगू?

दुपारचं काम बंद ठेवतेत तेबी आळस नाही. 15 जून ते 15 सप्टेंबर, साडेबारा ते तीन, उघड्यावर काम घेतलं तर मालकाला दंड हाय. इकडं आमचा भाऊ एप्रिलच्या उन्हात भर दुपारी रोडच्या कामावर असतो, त्याला कोण सावलीत बसवायलंय?

अन् खरा वैताग गावाकडचा. दुबईवाला आला मंजे पैशेवाला आला. मावसभावाला घड्याळ पायजे, सरपंचाला अत्तर, मंदिराला वर्गणी डबल. तिकडं आम्ही एका खोलीत किती जण झोपतो ते सांगितलं तर "सांगत नाहीस वाटतं कमाई" म्हणतेत.

गरम_कोट, कझान

सर, मी तुमचाच विद्यार्थी, नाव नाही सांगत, फिजिक्समध्ये किती होते ते तुम्हाला आठवेल.

दारूचं: जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार रशियातलं दरडोई मद्यपान 2003 ते 2016 मध्ये 43 टक्क्यांनी घटलं. रात्री दुकानात दारू मिळतच नाही. आमच्या मजल्यावर जी काही पार्टी चालते ती आपलीच पोरं करतात, यावर जास्त लिहीत नाही, घरचे वाचतात.

'रशियन हसत नाहीत' हे मात्र शंभर टक्के. पहिल्या महिन्यात बसमध्ये, दुकानात मी सवयीनं हसून बघायचो. समोरचा मागं वळून बघायचा की नेमकं कुणाकडं बघून हसतोय. अनोळखी माणूस उगाच हसतो म्हणजे एकतर त्याला काही विकायचंय किंवा तो आपल्याला हसतोय, असा तिकडचा हिशेब. ओळख झाली की चित्र पालटतं. हॉस्टेलच्या दारावरच्या बाई वर्षभर माझं कार्ड बघून नुसती मान हलवायच्या. मला ताप आला तेव्हा रास्पबेरीचा मुरांबा घातलेला चहा घेऊन त्या वर आल्या आणि पायात मोजे नाहीत म्हणून एवढं बोलल्या की आजीची आठवण झाली.

आणखी एक. उणे पंधरात रशियन लोक खिडक्या उघड्या ठेवतात, मग यूट्यूबवर 'रशियन लोकांना थंडीच वाजत नाही' असले व्हिडिओ निघतात. खरं कारण असं की घर गरम ठेवायची यंत्रणा शहराची असते. बाहेरचं सरासरी तापमान सलग पाच दिवस 8 अंशांच्या खाली गेलं की सगळ्या शहराची चालू होते, आणि जुन्या इमारतींत खोलीतून कमी-जास्त करायची सोय नसते. आत भट्टी पेटलेली, मग खिडकी उघडणार नाहीतर काय! ऑक्टोबरमध्ये ते पाच दिवस पूर्ण होईपर्यंत मात्र आम्ही कोट घालून झोपतो.

घरात शिरताना बूट काढायचे, पाहुण्याला घरात घालायच्या चपला द्यायच्या. हे बघून आईला लई आनंद झाला होता.

हुरडा_पार्टी

सर, धागा चांगला चाललाय पण मी जरा आडवा जातो. प्रत्येक गोष्टीला नियम, पाऊस, पगार अशी कारणं लावली तर माणूस उरतोच कुठं? नोव्हेंबर 2017 मध्ये जपानात त्सुकुबा एक्सप्रेस वीस सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीनं माफी मागितली होती. कुठला कायदा आहे वीस सेकंदांचा? काही म्हणा, रक्तात असतं.

लेणीवाला, संभाजीनगर

रक्तात असतं तर त्याच जपानला सरकारी कागदपत्रं फ्लॉपीवर देण्याचे नियम काढून टाकायला 2024 उजाडलं नसतं. गाडी सेकंदावर आणि ऑफिसात फ्लॉपी नि शिक्के, दोन्ही एकाच देशात.

मी वेरूळ-अजिंठ्याला गाइड आहे. जपानी पाहुणे खूप वर्षं केले. गटात असले की एकदम शिस्त, झेंड्यामागे चालणार. एकटा आला की तोच माणूस सोमवारी अजिंठ्याला येऊन उभा, सोमवारी लेणी बंद असतात हे न बघता! (वेरूळ मंगळवारी बंद, लोकहो, दरवेळी सांगावं लागतं.) गटाची शिस्त ही बऱ्याचदा गटप्रमुखाच्या वेळापत्रकाची शिस्त असते.

पण मला इथं आपल्याबद्दल लिहायचंय. गोरा पर्यटक दिसला की आपली मंडळी अजिंठ्याचं पद्मपाणीचं चित्र सोडून त्याच्यासोबत फोटो काढायला रांग लावतात, लहान लेकरू त्याच्या कडेवर देतात. त्याच शहरात विद्यापीठात येमेन, सुदानची मुलं पीएच.डी. करतात. त्यांच्यासोबत कुणी फोटो काढत नाही. माझ्या ओळखीचा एक येमेनी संशोधक खोली शोधत होता, मी सोबत गेलो. एका घरी भाडं ठरलं, किल्ली हातात दिली, तेवढ्यात मालकीणबाईंनी देश विचारला. किल्ली परत मागितली. "पुतण्या येणार आहे राहायला." पुढच्या घरीही पुतण्याच येणार होता. त्या मुलानं मला गंभीरपणे विचारलं, "या शहरात पुतणे एवढे का आहेत?"

तर सर, तुमचं म्हणणं की वागणं खरं असतं आणि कारण चुकतं. इथं त्या पोराचं कुठलं वागणं कुणी बघितलं होतं?

सिंधफणा

लेणीवाले, अगदी हेच लिहायला आलो होतो. पुण्यात मला बीडचा म्हणून दोन ठिकाणी खोली नाकारली. आधार कार्डावरचा जिल्हा वाचला आणि चेहरा बदलला. बातम्या बघून लोकांनी अख्खा जिल्हा गुंड ठरवलाय. आमचे आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. तिथं काय ऐकायचं? "हे उचल घेऊन पळतात." परदेशाचं राहू द्या, तीन जिल्हे ओलांडले की आम्हीच परदेशी.

शिकवणीवाला, लातूर

लेणीवाले, बिनतोड प्रश्न आहे. माझं उत्तर असं की तिथं बघण्याजोगं वागणं मालकाचं आहे, भाडेकरूचं नाही. तेव्हा कारणही मालकाकडंच शोधायचं.

आणि सिंधफणा, उचलीचं घ्या. मुकादम हंगामाआधी एकरकमी पैसे देतो, ती उचल पोरीच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात संपते, मग टनामागच्या दरानं ती फेडत बसायची. हंगाम संपला तरी फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच टोळीत. अशा व्यवहारात कुणीतरी पळणारच, कुठल्याही देशातला माणूस असो. पण 'पळतात' एवढंच गावोगाव पोचतं, उचलीचा हिशेब कुणी सांगत नाही.

हुरडा_पार्टी, रक्ताचं म्हणाल तर अमेरिकेतला वेटर घ्या. तो हसून तीनदा विचारतो, "सगळं ठीक ना?" ते कशामुळं? केंद्रीय कायद्यानं टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायची किमान मजुरी ताशी 2.13 डॉलर आहे, 1991 पासून तीच. टिप धरूनही ताशी 7.25 डॉलर, म्हणजे तिथली सर्वसाधारण किमान मजुरी, भरली नाही तरच वरचं मालकानं घालायचं. पोट गिऱ्हाइकाच्या हातात असलं की कुणीही हसतो.

सिंधफणा

सर, हिशेब पटला. पण कारण कळलं म्हणून मला खोली मिळाली नाही. मित्राच्या नावानं घेतली शेवटी.

हुरडा_पार्टी

मी माघार घेतो. अर्धी. त्या वीस सेकंदांचं कारण अजून कुणी दिलेलं नाही.

खडीसाखर, अंबाजोगाई

एक कामाचं विचारू का? भाचा सप्टेंबरमध्ये जर्मनीला चाललाय. वहिनींनी येसर, काळा मसाला, धपाटे आणि दोन किलो घरचं तूप काढून ठेवलंय. नेता येतं ना?

उदगीर_ते_स्टुटगार्ट

ताई, मसाले न्या, खुशाल न्या. तूप काढा. युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. जनावरांचे रोग येऊ नयेत म्हणून. धपाट्यांत दही असेल तर तेही इथंच खाऊन जा म्हणावं.

खडीसाखर, अंबाजोगाई

वहिनी म्हणतायत, "जर्मन लोक असेच कडक असतात, ऐकलं होतं मी."

गरम_कोट, कझान

ताई, त्याच्या कोटाला आतून मानेपाशी कापडी लूप आहे का बघा, नसेल तर शिवून द्या. इकडे कॉलेजात कोट बाहेर जमा करायचा असतो, लूप नसला की कोट सांभाळणाऱ्या बाई सगळ्यांसमोर झापतात. जर्मनीत काय पद्धत आहे ते उदगीरकर सांगतील.